पेठेतील वाहने : जागा किती, गरज किती?

पेठेत गाडी लावावयास जागा मिळत नाही, ही तक्रार एके काळी मुंबई-पुण्याच्या नागरिकांची समजली जात असे. आज ती तालुक्याच्या आणि त्याहूनही लहान गावांतून ऐकू येते. व्यापारी, गिऱ्हाईक, एस.टी.चा चालक, चौकातला पोलीस आणि नगरपालिकेचा सभासद असे पाचही जण निरनिराळ्या कारणांनी तीच तक्रार करतात, आणि पाचही जणांचा उपाय बहुधा एकच असतो : नगरपालिकेने कोठे तरी मोठी जागा घ्यावी आणि वाहनतळ बांधावा. परंतु जागा खरोखरच कमी आहे काय, कमी असल्यास कोणत्या वेळी, कोणासाठी आणि किती, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात. दुकानदार आपल्या फळीवरचा माल मोजल्याखेरीज नवा माल मागवीत नाही. पेठेतील रस्ता हा तर साऱ्या गावाच्या मालकीचा माल. त्याची मोजदाद मात्र सहसा होत नाही.

लहान गावाच्या पेठेतील ही मोजदाद कशी करावी, ती केल्यावर काय दिसण्याचा संभव आहे, आणि त्यातून कोणते उपाय सुचतात, याचा विचार संकेश्वराच्या निमित्ताने करता येईल.

रस्त्यानेच येणारे गाव

बेळगाव जिल्ह्याच्या हुक्केरी तालुक्यातील संकेश्वर हे गाव हिरण्यकेशीच्या काठी वसले आहे. शंकरलिंगाचे प्राचीन देवालय आणि शंकराचार्यांचा मठ यांमुळे त्याची ख्याती जुनी. ‘संकेश्वरी’ या नावाच्या लाल मिरचीने ती दूरवरच्या घरांतील तिखटाच्या डब्यापर्यंत पोहोचविली, आणि हिरण्यकेशी सहकारी साखर कारखान्याने भोवतालच्या ऊस पिकविणाऱ्या खेड्यांशी गावाचे नाते अधिक घट्ट केले. पुणे-बंगळूर राष्ट्रीय महामार्ग गावाला लागून जातो. याच ठिकाणाहून गडहिंग्लज, आजरा आणि आंबोली या मार्गाने बांद्याकडे, म्हणजे कोकणात आणि पुढे गोव्यात जाणारा रस्ता फुटतो. रेल्वे मात्र संकेश्वराला नाही. त्यामुळे येथे जो येतो तो रस्त्यानेच येतो. आणि रस्त्याने आलेले प्रत्येक वाहन काही वेळ कोठे तरी उभे राहिल्यावाचून त्यातील माणसाचे काम होत नाही.

या गावाचा आणखी एक विशेष आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेने बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून निघून म्हैसूर राज्यात गेला आणि शेजारचे गडहिंग्लज पलीकडे राहिले. बाजाराने मात्र ती रेषा कधीच मनावर घेतली नाही. सोने-कापडाची खरेदी, दवाखाना, लग्नाचा बस्ता आणि मिरची यांसाठी माणसे दोन्ही बाजूंनी ये-जा करीत राहिली. पेठेत उभ्या असलेल्या वाहनांच्या पाट्या वाचल्या तरी हे दिसते : बेळगावचा के.ए. २२, चिकोडीचा के.ए. २३ आणि कोल्हापूरचा एम.एच. ०९ हे क्रमांक येथे शेजारी शेजारी उभे असतात. याचा व्यावहारिक अर्थ असा की, संकेश्वराच्या पेठेची गरज केवळ गावाच्या लोकसंख्येवरून ठरविता येणार नाही. २०११ च्या जनगणनेत गावाची वस्ती तीस हजारांहून अधिक भरली; परंतु बाजाराच्या दिवशी पेठ जिची सोय पाहते ती वस्ती याहून कितीतरी मोठी, आणि ती दोन राज्यांत पसरलेली असते.

वाहने किती वाढली, याचा अंदाज देशाच्या आकड्यांवरून येतो. १९५१ साली साऱ्या भारतात नोंदलेली मोटार-वाहने सुमारे ३ लाख होती, आणि त्यांपैकी दुचाकी केवळ २७ हजार. २०११ साली एकूण वाहने १४ कोटींवर गेली आणि दुचाकींची संख्या १० कोटींहून अधिक झाली. म्हणजे पूर्वी शंभर वाहनांत नऊ दुचाकी असत, तेथे साठ वर्षांनंतर बहात्तर झाल्या. पेठांतील गल्ल्या मात्र बैलगाडीच्या रुंदीच्याच राहिल्या. प्रश्नाचे मूळ या विषमतेत आहे हे खरे. पण उत्तर गल्ल्या पाडून रुंद करण्यातच आहे असे मात्र त्यावरून सिद्ध होत नाही.

गाडीतळाची जुनी रीत

वाहन उभे करण्याचा प्रश्न मोटारीने प्रथम निर्माण केला, ही समजूतही तपासून पाहण्यासारखी आहे. आठवड्याच्या बाजाराला पूर्वी खेड्याखेड्यांतून बैलगाड्या येत. त्या गाड्या कापडाच्या किंवा किराण्याच्या दुकानापुढे सोडल्या जात नसत. पेठेच्या कडेला, पाण्याची आणि सावलीची सोय पाहून, गाडीतळ असे. तेथे जू उतरवून बैलांपुढे वैरण टाकावयाची, आणि माणसांनी पायी बाजार करावयाचा. पुण्याजवळ हडपसरला ‘गाडीतळ’ हे नाव अजून टिकून आहे. टांग्यांच्या अड्ड्यांची नावेही कित्येक गावांत टांगे गेल्यावर उरली.

या रिवाजात एक शहाणपण होते. मालाची चढउतार दुकानापाशी होई, मुक्काम मात्र पेठेबाहेर पडे. थोडा वेळ थांबणे आणि दिवसभर उभे राहणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्यांच्या जागाही वेगळ्या असाव्यात, हे त्या पिढीने कोणत्याही नियमावलीवाचून ओळखले होते. मोटारसायकल आल्यावर हा भेद पुसला गेला. बैलाला वैरण-पाणी लागते, म्हणून त्याला तळावर न्यावे लागे; यंत्राला काहीच लागत नाही, म्हणून ते दारातच राहिले.

पुरवठा म्हणजे नुसती जागा नव्हे

आता मोजदादीकडे वळू. पहिली बाजू पुरवठ्याची. रस्ते-विषयक भारतीय मानकांप्रमाणे एका मोटारीस उभे राहावयास ५ मीटर लांब व अडीच मीटर रुंद, म्हणजे साडेबारा चौरस मीटर जागा धरतात. जुन्या मापाने ही जागा सुमारे १३५ चौरस फूट होते. कित्येक कुटुंबांची राहती खोली याहून मोठी नसते. तेवढ्याच जागेत पाच-सहा दुचाकी सहज मावतात, किंवा टोपल्या मांडून सहा-सात भाजीवाल्या बसू शकतात. म्हणून पेठेत ‘शंभर वाहने’ असे म्हणण्याला अर्थ नाही. कोणती वाहने ते सांगितले पाहिजे.

पुरवठा मोजताना रस्त्याची सगळी लांबी धरून चालत नाही. चौकाचे कोपरे, शाळा व दवाखान्याचे दरवाजे, बसथांबे, बोळांची तोंडे आणि आगीचा बंब वळू शकेल एवढी वाट ही सारी वजा घालावी लागते. पायी चालणाऱ्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी वाट ठेवावी, असे मानके सांगतात. तीही प्रथम बाजूला काढली पाहिजे, उरलीसुरली म्हणून नव्हे. इतके वजा जाता जे राहते तोच खरा पुरवठा.

त्यात काही जागा मिळवाव्याही लागतात, कारण प्रत्येक गावात लपलेला पुरवठा असतो. दुकानांच्या नव्या इमारतींच्या नकाशांत तळघरात वाहनतळ दाखविलेला असतो. प्रत्यक्षात तेथे गोदाम थाटले जाते किंवा गाळे काढून ते भाड्याने दिले जातात. कचेऱ्यांची आणि शाळांची पटांगणे सायंकाळी मोकळी पडतात, आणि नेमकी तीच पेठेच्या गर्दीची वेळ असते. या जागांची यादी केल्यावाचून नवी जमीन विकत घेणे म्हणजे घरातील धान्य न पाहता बाजारात पिशवी घेऊन जाणे होय.

परंतु यापेक्षाही महत्त्वाची एक गोष्ट आहे. वाहनाची जागा ही नुसती चौरस मीटरांत मोजावयाची वस्तू नाही. ती तासांतही मोजावी लागते. समजा, एका गल्लीत दुचाकींसाठी १०० जागा आहेत आणि पेठ सकाळी १० पासून रात्री ८ पर्यंत, म्हणजे १० तास चालते. तेव्हा गल्लीपाशी १,००० ‘जागा-तासां’चे भांडवल आहे. आता समजा, त्यांतील ६० जागा सकाळी दुकाने उघडताना दुकानदारांच्या आणि त्यांच्या नोकरांच्या गाड्यांनी व्यापल्या आणि त्या दुकाने बंद होईपर्यंत हलल्या नाहीत. या साठ गाड्यांनी ६०० जागा-तास खर्च केले. उरलेल्या ४० जागांवर अर्ध्या अर्ध्या तासाने गिऱ्हाईक बदलत गेले, तर दिवसभरात फार तर ८०० गिऱ्हाइकांची सोय होईल. याच साठांपैकी ४० गाड्या तीन-चारशे पावलांवरच्या एखाद्या पटांगणात नेल्या, तर गिऱ्हाइकांसाठी ८० जागा होतील आणि १,६०० जणांची सोय लागेल. गल्ली एक बोटभरही रुंद न होता पुरवठा दुप्पट झाला.

हे उदाहरण कल्पित आहे; तरी त्यातील गणित कोणत्याही पेठेला लागू पडणारे आहे. दुकानापुढची जागा गिऱ्हाइकाला मिळत नाही म्हणून जो व्यापारी त्रस्त असतो, त्याचीच गाडी तेथे सकाळपासून उभी असते, हे दृश्य कोणत्याही गावात अपरिचित नाही. शेजाऱ्याचे गिऱ्हाईक आपल्या गाडीमुळे परत जाते आणि आपले शेजाऱ्याच्या गाडीमुळे, हे मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

गरज मोजण्याची रीत

दुसरी बाजू मागणीची. ती मोजण्यास यंत्रे लागत नाहीत. वही, पेन्सिल आणि चालणारे पाय एवढे पुरे. पेठेचे लहान लहान भाग पाडावेत. प्रत्येक भागात एका विद्यार्थ्याने दर अर्ध्या तासाने फेरी मारावी आणि उभ्या असलेल्या प्रत्येक वाहनाच्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे, वाहनाचा प्रकार आणि पाटीवरील जिल्ह्याचे चिन्ह टिपून घ्यावे. तोच क्रमांक पुढच्या फेरीतही आढळला तर वाहन हललेले नाही. वीस फेऱ्यांत आढळला तर ते गिऱ्हाइकाचे नाही. संकेश्वर आणि निडसोशी येथे महाविद्यालये आहेत. त्यांतील तरुणांना हा एक उत्तम व्यावहारिक पाठ ठरेल. मात्र वाहनांचे क्रमांक व्यक्तींचा माग काढण्यासाठी नाहीत, तेव्हा हिशेब पुरा झाल्यावर त्या वह्या नष्ट कराव्यात.

अशा नोंदींतून तीन गोष्टी निघतात. कोणत्या वेळी किती जागा भरलेल्या असतात, एक वाहन सरासरी किती वेळ उभे राहते, आणि एका जागेवर दिवसभरात किती वाहने येऊन जातात. पाटीवरील चिन्हामुळे चौथी गोष्टही कळते : पेठेत आलेले गिऱ्हाईक गावचे, तालुक्याचे की सीमेपलीकडचे. सीमेवरील गावाला ही माहिती सोन्याच्या मोलाची आहे. गडहिंग्लजकडील गिऱ्हाईक दोन फेऱ्या मारूनही गाडी लावू शकले नाही, तर ते रागावत नाही, भांडतही नाही. ते पुढल्या वेळी येतच नाही. निपाणी आणि कोल्हापूर त्याला तेवढेच मोकळे असतात.

कोणत्या दिवशी मोजावे, हेही विचारपूर्वक ठरविले पाहिजे. एरवीचा दिवस आणि आठवड्याच्या बाजाराचा दिवस वेगळे, लग्नसराई वेगळी, उन्हाळ्यात वर्षाचे तिखट करण्यासाठी मिरचीची खरेदी चालते ते दिवस वेगळे, उसाच्या हंगामात दोन दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्त्यावर असतात ते दिवस तर सर्वांहून वेगळे. यांतील सर्वांत गर्दीचा दिवस धरून वाहनतळ बांधला तर वर्षातील बहुतेक दिवस तो ओस पडेल, आणि ओस पडलेल्या सार्वजनिक जागेचे पुढे काय होते, हे सर्वश्रुत आहे. दिवाळीच्या पाहुण्यांचा हिशेब धरून कोणी घर बांधीत नाही. त्या दिवसांपुरती सतरंजी अंथरतात. तद्वत् बाजाराच्या आणि उत्सवाच्या दिवसांसाठी पटांगणे तात्पुरती उघडावीत. रोजच्या दिवसांची व्यवस्था मात्र रोजच्या गरजेवर ठरवावी.

किती भरलेली पेठ भरलेली समजावी, यालाही एक माप आहे. अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञ डोनाल्ड शूप यांनी २००५ साली या विषयावर मोठा ग्रंथ लिहिला. २०२५ साली त्यांचे निधन झाले. शंभरांपैकी सुमारे पंच्याऐंशी जागा भरलेल्या आणि पंधरा मोकळ्या असाव्यात, हे प्रमाण त्यांनी रूढ केले. निम्म्या जागा रिकाम्या असतील तर गावाची जमीन वाया जाते; सगळ्या भरल्या असतील तर येणारे प्रत्येक वाहन जागा शोधीत गल्लीगल्लीतून हिंडते, आणि ज्या गर्दीला आपण रहदारी म्हणतो तिच्यात या हिंडणाऱ्यांचीच भर पडते. मुख्य गल्ली शंभर टक्के भरलेली आणि दोनशे पावलांवरची मागची गल्ली निम्मी रिकामी, असे मोजणीत आढळले, तर तेथे जागेची टंचाई नाही. चालण्याच्या इच्छेची टंचाई आहे असे समजावे.

एका संपादकाचा उपाय

हा प्रश्न इतरत्र कसा सुटला, याचे एक उदाहरण जुने असले तरी मोठे बोधप्रद आहे. १९३० नंतरच्या काळात अमेरिकेतील ओक्लाहोमा शहराच्या मध्य पेठेत कचेऱ्यांत व दुकानांत काम करणारे लोक सकाळी आपल्या मोटारी रस्त्याच्या कडेला लावीत आणि त्या दिवसभर तेथेच उभ्या राहत. गिऱ्हाइकांना जागा मिळेना आणि व्यापार बसू लागला. तेथील व्यापारी मंडळाने हा प्रश्न कार्ल मॅगी या वृत्तपत्राच्या संपादकाकडे सोपविला. स्थानिक विद्यापीठातील दोन अभियंत्यांच्या साहाय्याने त्यांनी नाणे टाकताच ठरावीक वेळ मोजणारे यंत्र तयार करविले, आणि १६ जुलै १९३५ रोजी असे पहिले यंत्र रस्त्यावर उभे राहिले. तासाला पाच सेंट असा त्याचा दर होता. त्या यंत्राचा मूळ हेतू पालिकेची तिजोरी भरणे हा नव्हता, तर दिवसभर जागा अडविणाऱ्याला हलविणे हा होता, ही गोष्ट विसरता कामा नये. वाहन उभे करण्याचा आकार हा कर समजला की लोक त्याला विरोध करतात. तो जागा फिरती ठेवण्याचा उपाय आहे हे पटले, तर विरोधाची धार कमी होते.

आपल्याकडचा अनुभवही लक्षात घ्यावयास हवा. २००६ सालच्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात, वाहनाने व्यापलेल्या जमिनीचे मोल आकारात उतरावे, असे तत्त्व मांडले गेले. पुणे महापालिकेच्या सभेने मार्च २०१८ मध्ये वाहनतळाचे धोरण मंजूर केले. परंतु विरोध इतका झाला की ते प्रथम पाचच रस्त्यांवर राबवावे असे ठरले, आणि पुढे तेही रखडले. याउलट ११ डिसेंबर २०२१ रोजी त्याच पुण्यात लक्ष्मी रस्त्याचा काही भाग दिवसभरासाठी वाहनांना बंद करून ‘पादचारी दिन’ पाळण्यात आला, तेव्हा लोकांनी त्या रस्त्यावर मोकळेपणाने फिरण्याचा आनंद घेतला. जो नियम खिशाला हात घालीत पुढे येतो त्यावर लोक संशय घेतात. ज्याचा लाभ आधी डोळ्यांना दिसतो तो स्वीकारणे त्यांना सोपे जाते. लहान गावाने हा क्रम ध्यानात ठेवणे हिताचे आहे.

सम-विषमाची मर्यादा

महाराष्ट्रातील अनेक शहरांत सम तारखेला रस्त्याच्या एका बाजूस आणि विषम तारखेला दुसऱ्या बाजूस वाहने लावण्याची पद्धत आहे. अरुंद रस्त्यासाठी ती सोपी व स्वस्त आहे, आणि गैरसोय दोन्ही बाजूंच्या दुकानदारांना सारखी वाटून मिळते, हा तिचा मोठा गुण. परंतु तिच्याकडून भलतीच अपेक्षा ठेवू नये. ती वाहनाची बाजू बदलते, वेळ बदलत नाही. सकाळी दहाला आलेली मालकाची गाडी आजही रात्री आठपर्यंत उभी राहते, फक्त समोरच्या बाजूस. शिवाय महिन्याची ३१ तारीख आणि पुढची १ तारीख या दोन्ही विषमच असल्याने एका बाजूच्या वाट्याला लागोपाठ दोन दिवस येतात, ही बारीकशी अडचणही आहे. रस्ता मोकळा ठेवण्यास ही पद्धत उपयोगी आहे. जागा फिरती ठेवण्यास तिला वेळेच्या मर्यादेची जोड हवी.

फुकट जागेची किंमत

येथे एक आक्षेप रास्तपणे घेतला जाईल. लहान गावात लोकांची मिळकत बेताची; दहा रुपयांची भाजी घ्यावयास आलेल्या शेतकऱ्याकडून गाडी लावण्याचे पैसे घ्यावेत काय? हा आक्षेप खरा आहे, आणि म्हणून आकार हा पहिला उपाय असू नये. परंतु फुकट जागा ही खरोखरच फुकट असते, हा समज सोडला पाहिजे. तिची किंमत कोणी ना कोणी मोजतच असतो. पदपथावर गाड्या लागल्या की शाळकरी मुलगा रस्त्याच्या मधून चालतो. मंदिराच्या वाटेवर म्हातारी मागून येणाऱ्या भोंग्याने दचकते. चौकात वडाप आणि टमटम थांबावयास जागा नसते म्हणून खेड्यातली बाई बाळाला काखेत घेऊन भर रस्त्यात उतरते. मिरचीची टोपली घेऊन बसणारी बाई एकेक हात मागे सरत अखेर गटाराच्या कडेला पोहोचते. यांपैकी बहुतेकांच्या नावावर कोणतेही वाहन नसते. तरी वाहनांच्या जागेचे भाडे तेच भरतात, आणि त्याची पावती त्यांना कधी मिळत नाही.

यातूनच या विषयाचे खरे स्वरूप स्पष्ट होते. प्रश्न वाहनांचा दिसतो. वास्तविक तो रस्त्याच्या वाटणीचा आहे. मोटार वाहन कायद्याच्या ११७ व्या कलमानुसार वाहने उभी करण्याच्या जागा ठरविण्याचा अधिकार शासनाला आणि त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याला स्थानिक संस्थेच्या सल्ल्याने वापरता येतो. २०१४ च्या फेरीवाला कायद्याने पथारीवाल्यांच्या जागाही विचारपूर्वक ठरवाव्यात अशी व्यवस्था केली आहे. हे दोन हिशेब दोन वेगळ्या टेबलांवर केले, तर एकाचा वाहनतळ दुसऱ्याच्या बाजारावर पडतो. पेठेचा एकच नकाशा मांडून चालणारा, विकणारा, उतरणारा, माल चढविणारा आणि गाडी लावणारा या पाचांच्या वाट्याला त्यावर जागा दाखविली पाहिजे.

काय करता येईल

संकेश्वरासारख्या गावाने प्रारंभ कोठून करावा, हे आता सांगता येईल. आधी मोजणी : एक एरवीचा दिवस आणि एक बाजाराचा दिवस. मोजणीचे आकडे नगरपालिकेच्या फलकावर सर्वांना वाचता येतील असे लावावेत, म्हणजे वाद मतांचा न राहता आकड्यांचा होईल. त्यानंतर व्यापारी मंडळाने स्वतःच्या आणि नोकरांच्या गाड्या पेठेबाहेरच्या ठरावीक पटांगणात लावण्याचा निश्चय करावा. हा उपाय जवळजवळ बिनखर्चाचा आहे, आणि त्याचा लाभही व्यापाऱ्यांनाच प्रथम मिळतो. ते पटांगण उजेडाचे, राखणीचे आणि पावसात चिखल न होणारे असले पाहिजे, एवढी जबाबदारी मात्र नगरपालिकेने घ्यावी. नाही तर तो निश्चय पहिल्या पावसातच वाहून जाईल.

त्यापुढे मुख्य गल्लीत अर्ध्या किंवा एका तासाची मर्यादा घालावी. ती पाळली जाते की नाही हे पाहावयास चाकावरची खडूची खूणही पुरते. मालाचे टेंपो पेठ उघडण्यापूर्वी रिकामे व्हावेत. वडाप, टमटम आणि रिक्षा यांचे थांबे आखून द्यावेत. ज्या इमारतींच्या तळघरांत वाहनतळ मंजूर झालेला आहे, तेथे तो प्रत्यक्षात आणावा. फलक चित्रांचे, आणि कानडी व मराठी या दोन्ही वाचकांना सहज कळतील असे असावेत. नियम न समजल्यामुळे दंड झालेला पाहुणा त्या पेठेची कीर्ती चार गावांत नेतो. इतके केल्यावर पुन्हा मोजावे. तरीही मुख्य गल्लीत शंभरांपैकी पंच्याऐंशीहून अधिक जागा सतत भरलेल्या आढळल्या, तर तेवढ्या भागापुरता, तेवढ्या वेळेपुरता अल्प आकार ठेवावा आणि त्याचे उत्पन्न त्याच पेठेच्या पदपथावर व दिव्यांवर खर्चावे. जमीन घेऊन इमारत उभारण्याचा विचार या साऱ्या पायऱ्या संपल्यावर करावयाचा.

माथेरानने मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबविल्या म्हणून तेथे जाणाऱ्यांची संख्या घटली नाही. ते गाव डोंगरावरचे आणि संकेश्वर रहदारीच्या वाटेवरचे, हा भेद उघड आहे, आणि संकेश्वराने माथेरान व्हावे असे कोणी म्हणणार नाही. तरी वाहन दाराशी येते म्हणून माणसे येतात, हा समज सर्वस्वी खरा नाही, एवढे त्यावरून कळते. माणसे पेठेत येतात ती मालासाठी, ओळखीच्या दुकानदारासाठी, देवदर्शनासाठी आणि चार माणसांच्या गाठीभेटींसाठी. पेठ त्यांच्यासाठी आहे. त्यांना तेथपर्यंत आणून सोडल्यावर वाहनाने थोडे बाजूला व्हावे, हा गाडीतळाचा जुना नियम होता. तो पुन्हा लागू करण्यास मोठ्या निधीची गरज नाही. एक वही, दोन दिवसांची मेहनत, आणि आपली गाडी दुकानाच्या दारातून पहिल्यांदा हलविण्याची एखाद्या व्यापाऱ्याची तयारी, एवढ्यावर त्याचा प्रारंभ होऊ शकेल.